एअर पिस्तूलच्या प्लास्टिक मुठीवर घरच्या घरी दाणे कसे उठवावेत

मार्च संपला की सांगलीत पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर तासभर उभं राहायचं म्हणजे तळहाताला घाम आलाच. पावसाळ्यात ऊन नसतं, पण हवा इतकी दमट की हात कोरडा असा राहतच नाही. अशा हातात गुळगुळीत प्लास्टिकची मूठ बोटांखाली किंचित सरकते. नव्या नेमबाजाला ते कळतही नाही. हात आपोआप जास्त दाबून धरायला लागतो, मनगट ताठरतं, पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) थरथरते आणि पोराला वाटतं आपला नेमच बिघडला.

दहा मीटरच्या खेळात एवढंसं सरकणंही महागात पडतं. साधा हिशेब करून बघा. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ३५० मिलिमीटर अंतर धरलं, तर पुढची साईट १ मिलिमीटर बाजूला गेली की छरा लक्ष्यावर साधारण २८ मिलिमीटर बाजूला लागतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीला दहाचा सात होतो. मॅचमध्ये असे ६० शॉट ७५ मिनिटांत, एका हाताने. दर शॉटनंतर पिस्तूल टेबलावर टेकवायचं आणि पुन्हा उचलायचं. प्रत्येक वेळी मूठ हातात जिथल्या तिथे बसली पाहिजे.

मुठीवर दाणे उठवायचे ते यासाठी. दाणेदार मूठ कमी जोर लावूनही जागेवर राहते आणि कमी जोर म्हणजे कमी थरथर. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तेच काम आपण इथे सोल्डरिंग आयर्नच्या (तारा जोडायच्या, टोक तापणाऱ्या हत्याराच्या) गरम टोकाने बारीक खड्डे पाडून करायचं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्यामुळे आपल्या भागातली पुष्कळ मुलं-मुली नेमबाजीकडे वळली. त्यातल्या बहुतेकांच्या हातात पहिलं पिस्तूल येतं ते वापरलेलं किंवा साध्या प्लास्टिक मुठीचं. महागडी, हाताच्या मापाने घडवलेली मूठ लगेच घेणं प्रत्येक घराला जमत नाही. असलेली मूठ चांगली करून घेणं मात्र कुणालाही जमतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. हा लेख फक्त परवाना न लागणाऱ्या एअर पिस्तूलसाठी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) ४.५ मिलिमीटरपेक्षा म्हणजे पॉइंट १७७ इंचापेक्षा मोठा नसेल आणि ऊर्जा २० ज्यूलच्या वर नसेल, तर ते एअर पिस्तूल परवान्याच्या कक्षेत येत नाही. तुमच्याकडे परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर त्यावर घरी आयर्न चालवू नका. परवानाधारक गनस्मिथकडे न्या, काय करायचं ते आधी विचारा आणि झालेल्या कामाची पावती जपून ठेवा.

मूठ या कामाला योग्य आहे का?

मूठ पिस्तूलपासून सुटी होते का, हे पहिल्यांदा बघा. बहुतेक मॅच पिस्तूलांत मूठ खालून एका बोल्टवर बसवलेली असते आणि ॲलन कीने निघते. काही स्वस्त पिस्तूलांत मूठ आणि बॉडी एकाच साच्यातून काढलेली असते. तसं असेल तर हे काम करू नका, कारण आतले ट्रिगरचे भाग आणि वॉशर उष्णतेच्या अगदी जवळ असतात.

मग मुठीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. प्लास्टिकचा प्रकार तिथे बारीक अक्षरांत कोरलेला असू शकतो. पीए६-जीएफ३० असं दिसलं तर ते ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन. एबीएस असेल तर ते मऊ, लवकर वितळणारं. दोन्हीवर दाणे चांगले उठतात, फक्त तापमान वेगवेगळं लागतं. पीव्हीसी लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि तो नाका-घशाला जाळतो. रबराच्या मुठीवरही हे होत नाही, ते वितळण्याऐवजी करपतं.

मुठीच्या भिंतीची जाडी व्हर्निअरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा. २ मिलिमीटरपेक्षा पातळ भागाला हात लावू नये असं माझं मत आहे. आपला खड्डा अर्ध्या मिलिमीटरचाच असतो, पण पातळ भिंत उष्णतेने वाकते आणि एकदा वाकली की मूठ पुन्हा नीट बसत नाही.

आणि मूठ हाताला बसते का? मधे पोकळी राहत असेल, करंगळी लोंबकळत असेल, तर दाण्यांनी काही सुधारणार नाही. आधी पोकळीत एम-सील भरा, पिस्तूल धरतो तशी मूठ धरून हाताचा ठसा घ्या, वाळू द्या, पॉलिश पेपरने घासा. हाताला आणि एम-सीलला मधे पातळ प्लास्टिक पिशवी ठेवा म्हणजे चिकटत नाही. मात्र एम-सीलवर आयर्न चालत नाही, ते वितळत नाही. त्यावर खरखर हवी असेल तर ओलं असतानाच दात घासायच्या जुन्या ब्रशने टोचून घ्या.

सामान

तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न घ्या. ६० वॉटचं, दांड्यावरच चकती फिरवून २०० ते ४५० अंशांपर्यंत जाणारं आयर्न इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. चकती नसलेल्या साध्या आयर्नवर नवख्या माणसाने हे काम करू नये, टोक किती तापलंय याचा अंदाजच येत नाही. टोक मात्र नवं कोरं हवं. सोल्डरिंगला वापरलेल्या टोकावर शिसं राहतं आणि ते शिसं रोज मुलाच्या तळहाताला लागेल. नवं टोक कानशीने घासून साधारण दीड मिलिमीटरचं गोलसर करा. अणकुचीदार टोकाने नुसती भोकं पडतात.

बाकी लागेल ते घरातलंच: मास्किंग टेप, पेन्सिल, लोखंडी पट्टी, ब्लेडचा चाकू, पितळी घासणी, ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मूठ धरायला लाकडी शिकंजा असेल तर उत्तम, नाहीतर जाड टॉवेलची गुंडाळी.

बसायची जागा खिडकीजवळ. टेबल फॅन तुमच्याकडे वारा मारणारा नको. तो खिडकीकडे तोंड करून ठेवा म्हणजे वाफ बाहेर ओढली जाईल. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क धुळीला चालतो, वाफेला नाही. कोळशाचं फिल्टर असलेला मास्क घ्या. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि नेमबाज स्वतः बारा-तेरा वर्षांचा असेल तर आयर्न आई-वडिलांच्या हातात राहू द्या. त्याने समोर बसून कुठे टोचतं, कुठे सरकतं ते सांगावं. ती माहिती दुसऱ्या कुणालाच देता येणार नाही.

पिस्तूल मोकळं करणं

छरे दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूलचं तोंड भिंतीकडे, लिव्हर उघडा, चेंबर (छरा बसतो ती जागा) डोळ्यांनी बघा, नळी रिकामी असल्याचं दाखवणारी नारिंगी दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग नळीतून आरपार घाला. हवेचा सिलिंडर फिरवून काढा आणि गादीवर ठेवा. त्यात २०० बारपर्यंत दाब असू शकतो, तो गरम आयर्नच्या आसपासही नको. मग ॲलन कीने मूठ सोडवा. पिस्तूल पेटीत, पेटी कपाटात. टेबलावर फक्त मूठ राहिली पाहिजे. ही शिस्त रेंजवरच्या शिस्तीइतकीच महत्त्वाची आहे. घर आहे म्हणून त्यात सूट नाही.

हळदीचा ठसा

दाणे कुठे हवेत हे ठरवणं या कामाचा गाभा आहे आणि नवखी माणसं नेमकी इथेच घाई करतात. सगळी मूठ दाण्यांनी भरून टाकली की दिसायला रुबाबदार दिसते. मग तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाला कातडं सोलतं.

सांगलीत हळद कमी नाही, तिचाच उपयोग करू. संपूर्ण मुठीवर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींना लागून, सुरकुती न पाडता चिकटवा. मूठ तात्पुरती पिस्तूलवर बसवा, सिलिंडर अर्थात लावायचा नाही. कोरड्या तळहाताला चिमूटभर हळद चोळा, जास्तीची झटकून टाका. आता मॅचमध्ये धरता तसं पिस्तूल धरा, हात वर करा, दहा-पंधरा सेकंद साईटवर राहा आणि खाली आणा. हात अलगद सोडा. पांढऱ्या टेपवर पिवळे डाग उठलेले दिसतील. जिथे डाग गडद, तिथे हात खरोखर टेकतो. जिथे डाग फरफटलेला, तिथे हात सरकतोय. दाण्यांची गरज त्या फरफटीला आहे.

बहुतेक हातांत फरफट दोन ठिकाणी दिसते. एक, मुठीच्या पुढच्या बाजूला, मधलं बोट आणि अनामिका जिथे वळसा घेतात. दुसरी, मागे, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याखाली. तळहाताच्या मांसल भागाखाली डाग गडद असला तरी फरफट क्वचित असते, तिथे विरळ दाणे पुरतात. अंगठ्याच्या टेकूवर दाणे नकोतच, अंगठ्याने तिथे दाबायचंच नसतं. ट्रिगरच्या बोटाची बाजूही पूर्ण गुळगुळीत राहू द्या. ते बोट मुठीला न घासता सरळ मागे यायला हवं.

डागांभोवती पेन्सिलने रेघ मारा. मुठीच्या कडेपासून, बोल्टपासून आणि धातूला टेकणाऱ्या जागेपासून ३ मिलिमीटर लांब राहा. मुठीच्या तळाशी हात टेकवायची तळहाताची फळी वर-खाली सरकणारी असेल तर ती ज्या भागावरून सरकते तिथेही दाणे नकोत, नाहीतर फळी अडकेल. मग चाकूने पेन्सिलच्या रेघेवर फक्त टेप कापा आणि आतला टेप सोलून काढा. बाहेरचा टेप तसाच राहू द्या, तो कुंपणाचं काम करतो. उघडं पडलेलं प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. हळद आणि हाताचं तेल दोन्ही गेलं पाहिजे.

शंका असेल तर इथे थांबता येतं. उघड्या भागावर त्याच आकाराची कापडी टेप चिकटवा आणि आठवडाभर सराव करा. जागा बरोबर असेल तर हाताला लगेच कळतं, चुकीची असेल तर टेप काढून पुन्हा आखता येते. वितळवलेलं प्लास्टिक परत आणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हा आठवडा घ्यायलाच लावतो.

सरावाचा तुकडा

मुठीवर आयर्न टेकवण्याआधी तशाच प्लास्टिकच्या तुकड्यावर हात बसवा. भंगारवाल्याकडे जुन्या ड्रिल मशीनचं किंवा ग्राइंडरचं कव्हर मिळतं, ते पुष्कळदा काचतंतूवालं नायलॉनच असतं. एबीएससाठी जुन्या कीबोर्डचं किंवा मॉनिटरचं कव्हर चालेल.

एबीएसला २२० अंशांपासून सुरुवात करा, नायलॉनला २७० पासून. दहा-दहा अंश वाढवत जा. टोक उचलताना प्लास्टिकची तार ओढली जात असेल तर तापमान कमी आहे. धूर निघत असेल, कडा चमकत असतील किंवा बुडबुडे येत असतील तर जास्त. बरोबर तापमानाला टोक टेकताच प्लास्टिक शांतपणे दबतं, खड्ड्याभोवती एक बारीक कंगोरा उठतो आणि टोक स्वच्छ वर येतं. पकड त्या कंगोऱ्यामुळे मिळते, खड्ड्यामुळे नाही. म्हणून खोल टोचून काही फायदा नाही.

दाणे उठवणं

आयर्न पेनासारखं धरा, टोक पृष्ठभागाला काटकोनात. मनगट टेबलावर टेकलेलं हवं. टेकवा, मनात ‘एक’ म्हणा, सरळ वर उचला. आयर्नचं वजनच पुरेसं आहे, हाताने दाबायचं नाही. तिरपं उचललंत तर कंगोरा एका बाजूला झोपतो आणि तो भाग पुढे बोटाला घसरता लागतो.

सगळ्यात आधी टेपच्या कडेला लागून एक ओळ पूर्ण करा, सगळीकडून. दाण्याचा मध्य आणि पुढच्या दाण्याचा मध्य यात दीड ते दोन मिलिमीटर अंतर. ही ओळ सावकाश करा, पुढे डोळ्याला दिसते ती हीच. मग आत भरत जा. सरळ ओळींत भरू नका. दर दुसरी ओळ अर्ध्या अंतराने सरकवा म्हणजे दाणे एकमेकांच्या फटीत बसतात आणि बोटाला सलग घसरपट्टी मिळत नाही. हात बसला नसेल तर विखुरलेले दाणे करा. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी दिसत नाही आणि पकड तेवढीच मिळते.

दहा-पंधरा दाण्यांनंतर टोक पितळी घासणीत खुपसून साफ करा. टोकावर साचलेलं प्लास्टिक करपून काळं होतं आणि पुढच्या दाण्यात उतरतं. पंधरा मिनिटं काम, पंधरा मिनिटं विश्रांती. मूठ हाताला कोमट लागली तर विश्रांती आणखी वाढवा. एकाच भागावर सलग काम केलं की तिथली भिंत मऊ पडते. एक बाजू आज, दुसरी उद्या, असं करायला काहीच हरकत नाही. आयर्न प्रत्येक विश्रांतीत स्टँडवर आणि बटण बंद. वीज गेली तरी बटण बंद करा, नाहीतर तुम्ही बाहेर गेल्यावर वीज येईल आणि आयर्न टेबलावर तापत राहील.

मागच्या बेचक्याच्या वळणावर काम जरा अवघड आहे. तिथे मूठ टॉवेलच्या गुंडाळीवर अशी फिरवत राहा की काम चाललेला बिंदू नेहमी सगळ्यात वर असेल. हात वाकडा करून आयर्न त्या बिंदूपर्यंत नेऊ नका.

साफसफाई आणि चाचणी

मूठ पूर्ण गार झाली की टेप काढा. साबण आणि टूथब्रशने घासा, सुटे कण निघून जातील. नंतर ४०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून दाण्यांवरून अगदी हलका, दोन-तीनदा फिरवा. पाणी हवंच, कारण नायलॉनमधले काचतंतू कोरडे उडाले तर अंगाला खाज सुटते आणि ते नाकात जाणंही बरं नाही. घासलेला भाग पांढुरका दिसतो. तो काळा दिसावा म्हणून तेल लावू नका, नाहीतर केलेली सगळी मेहनत घसरून जाईल. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवून चकाकी आणायचा सल्लाही काहीजण देतात. मी देणार नाही, त्यात कंगोरे बसतात आणि मूठ वाकायची भीती असते.

मूठ बसवा, बोल्ट आवळा आणि पहिले दोन-तीन दिवस फक्त ड्राय फायरिंग करा, म्हणजे छरा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. अर्ध्या तासाने तळहात बघा. बारीक लाल ठिपके असतील तर ठीक, ते काही वेळात जातात. एकाच जागी कातडं खरवडलेलं दिसलं तर तेवढ्याच भागावर ओला पेपर पुन्हा फिरवा. दुसरी चाचणी अशी: पिस्तूल टेबलावरून उचला, डोळे मिटून हात वर न्या, मग डोळे उघडा. दोन्ही साईट एका रेषेत असतील आणि पुन्हापुन्हा तशाच येत असतील तर मूठ हातात एकाच जागी बसतेय. बोटांचा जोर मुद्दाम थोडा कमी करून हीच चाचणी घ्या. आधी जेवढा दाब लागायचा त्याहून कमी दाबात पिस्तूल स्थिर राहिलं पाहिजे.

स्पर्धेत उतरणार असाल तर नियमांकडे लक्ष द्या. दहा मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. मनगट मोकळं हलायला हवं. तळहाताची फळी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळलेली चालत नाही. दाण्यांनी जाडी फारशी वाढत नाही, पण एम-सीलने वाढते. म्हणून एम-सील भरलं असेल तर रुंदी मोजूनच इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला जा.

लाकडी मूठ असेल तर

अक्रोडाच्या लाकडावर आयर्न चालवू नका, ते जळतं आणि जळका थर हाताला लागून झडतो. तिथे थंड काम: लोखंडी पंचाचं (ठोकून खूण करायच्या खिळ्यासारख्या हत्याराचं) टोक घासून बोथट गोल करायचं आणि लहान हातोडीने टिचकी मारल्यासारखं ठोकत जायचं. तंतू दबतात, तुटत नाहीत. आखणी आणि हळदीचा ठसा वरच्यासारखाच. लाकडावर हत्यार कसं हलक्या हाताने चालतं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराच्या परवानगीने थोडा वेळ बसा. पाहून जेवढं कळेल तेवढं मला लिहून सांगता येणार नाही.

पुढची निगा

सरावानंतर मूठ ओल्या फडक्याने पुसा आणि आठवड्यातून एकदा टूथब्रशने धुवा. घामातलं मीठ आणि मळ खड्ड्यांत बसला की दाणे असूनही मूठ गुळगुळीत लागते आणि लोकांना वाटतं दाणे झिजले. खरोखर झिजले असतील तर जुन्या खड्ड्यांत पुन्हा आयर्न टेकवू नका, भिंत तिथे आधीच पातळ झालेली असते. दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेत नवे दाणे उठवा. तिथे जागा उरली नसेल तर नवी मूठ मागवा.